नेक्स्टक्लाउड एकदम २५ वरून २८ वर नेता येत नाही

ठाणे नवी मुंबईत बऱ्याच सोसायट्यांनी, छोट्या ऑफिसांनी स्वतःच्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड (फाइली साठवायचं, शेअर करायचं सॉफ्टवेअर) टाकलंय, चांगलंच आहे, पण "अपग्रेड राहिलं तरी काय बिघडतं, नंतर डायरेक्ट लेटेस्ट टाकू" हे घोडबंदरपासून ऐरोलीपर्यंत सगळे बिनधास्त सांगतात आणि ते साफ चुकीचं आहे.

मेजर व्हर्जन (२५, २६ हा मोठा आकडा) एका वेळी एकच चढता येतं. २५ वरून २६, मग २७, मग २८, आणि प्रत्येक वेळी आधी चालू व्हर्जनचं शेवटचं छोटं अपडेट मारून घ्यायचं. कारण डेटाबेसची रचना बदलणारा कोड फक्त आधीच्या मेजर व्हर्जनवरून येण्यासाठीच बनवलेला आणि तपासलेला असतो. डॉकरवाल्यांनो (म्हणजे नेक्स्टक्लाउड तयार पॅकेजमधून, कंटेनरमध्ये चालवणाऱ्यांनो), तुम्हालाही हेच लागू, मधलं व्हर्जन गाळून टॅग (व्हर्जन सांगणारं लेबल) एकदम पुढचा टाकलात तर कंटेनर सुरूच होणार नाही. पीएचपीचं (नेक्स्टक्लाउड ज्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं तिचं) व्हर्जनही बघा, २५ ला ७.४ चालायचं, २६ ला किमान ८.० लागतं.

आणि प्लीज, बॅकअप म्हणजे नुसता डेटा फोल्डर नाही हो! कॉन्फिग (सेटिंग्ज) आणि डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) पण हवा, मेंटेनन्स मोड (वापर तात्पुरता थांबवणारी सोय) ऑन करून घेतलेला, कारण मागच्या व्हर्जनवर परत जायची सोय नाही, बॅकअप रिस्टोर करणं हाच मार्ग.