डिजिटल कीबोर्डची संगणकाशी जोडणी

डिजिटल कीबोर्डची संगणकाशी जोडणी : कीबोर्डवर वाजवलेले संगीत मायक्रोफोनने न टिपता केबलमधून थेट संगणकात उतरवून घेण्याची पद्धत. मुंबईत, जिथे एकाच खोलीत अभ्यास, स्वयंपाक आणि रियाज शेजारीशेजारी चालतात आणि लोकलचा किंवा रहदारीचा आवाज खिडकीतून दिवसभर आत येत असतो, तिथे या पद्धतीला विशेष मोल आहे. कारण केबलमधून जाणाऱ्या संगीतात खोलीचा आवाज मिसळत नाही. नाट्यसंगीताची साथ करणारे, भावगीतांच्या कार्यक्रमांतले आणि गणेशोत्सवासाठी गाणी बसवणारे अनेक वादक आता घरच्या घरी असे ध्वनिमुद्रण करतात. या शहराच्या चित्रपटसंगीतात सिंथेसायझर रुजवणाऱ्या आरंभीच्या वादकांत केर्सी लॉर्ड यांचे नाव अग्रभागी आहे. मात्र त्या काळातले ध्वनिमुद्रण मोठ्या स्टुडिओतच शक्य होते.

कीबोर्डमधून संगणकाकडे दोन वेगवेगळ्या गोष्टी पाठवता येतात आणि हा भेद कळला की बाकीचे बहुतेक निर्णय सोपे होतात. पहिली गोष्ट म्हणजे मिडी. यात आवाज जातच नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, कधी सोडली आणि पेडल कधी दाबले, एवढीच माहिती जाते. प्रत्येक सुराला ० ते १२७ यांपैकी एक क्रमांक असतो. मधल्या सप्तकातल्या पांढरी १ चा (पाश्चात्त्य सी या सुराचा) क्रमांक ६०, आणि शेजारच्या प्रत्येक पट्टीला, पांढरी असो वा काळी, एकेक क्रमांक वाढत जातो. अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि जपानमधील रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने हे मानक घडले. जानेवारी १९८३ मध्ये या दोन कंपन्यांची वाद्ये एकमेकांना जोडून त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि २०१३ मध्ये दोघांना तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. जुन्या वाद्यांवर यासाठी पाच पिनांचे गोल सॉकेट असते. नव्यांवर बहुधा यूएसबीचे चौकोनी तोंड असते आणि प्रिंटरला लागते तीच केबल त्याला चालते.

मिडीचा खरा लाभ गायकाची पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, बदलताना दिसतो. साथ पांढरी ४ मध्ये वाजवून ठेवली आणि गायिकेला काळी ४ हवी असली, तर सगळे क्रमांक तीनने वाढवले की काम होते. पुन्हा वाजवावे लागत नाही आणि लयही बदलत नाही. पण आपल्या संगीताच्या दृष्टीने मिडीची एक मर्यादा गंभीर आहे. तंबोऱ्याशी जुळणारा शुद्ध गांधार कीबोर्डच्या समविभाजित (सप्तकाचे बारा समान भाग करून मिळणाऱ्या) गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो; सेंट म्हणजे अशा एका भागाचा शंभरावा हिस्सा. काही कीबोर्डवर एकेक सूर असा उतरवून घेता येतो, परंतु ती जुळणी कीबोर्डच्या स्वतःच्या ध्वनिनिर्मितीत असते. संगणकाकडे फक्त सुराचा क्रमांक पोहोचतो आणि तिथला सॉफ्टवेअरमधला पियानो किंवा हार्मोनियम तो सूर पुन्हा समविभाजित सप्तकातच वाजवतो. मींडेचेही तसेच आहे : पिच बेंड चाकाची हालचाल १६,३८४ पायऱ्यांत नोंदवली जाते, तरी ती एका चॅनेलवरच्या (मिडीच्या एका वाहिनीवरच्या) सर्व सुरांना एकदम लागू होते, त्यामुळे धरून ठेवलेला षड्जही सोबत सरकतो. म्हणून ज्याला आपल्या कीबोर्डचा आवाज आणि आपली सुरांची जुळणी जपायची आहे, त्याने दुसरी गोष्ट, म्हणजे प्रत्यक्ष ध्वनी, पाठवलीच पाहिजे. दोन्ही एकाच वेळी वेगवेगळ्या ट्रॅकवर नोंदवणे हीच सर्वांत शहाणपणाची रीत होय.

ध्वनी पाठवण्यासाठी कीबोर्डच्या लाइन आउटमधून (ध्वनी बाहेर देणाऱ्या सॉकेटांतून) ६.३५ मिलिमीटरच्या दोन मोनो जॅकच्या केबल निघतात आणि ऑडिओ इंटरफेसच्या (ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करून तो संगणकाला देणाऱ्या उपकरणाच्या) दोन लाइन इनपुटमध्ये जातात. लॅपटॉपच्या हेडफोन-माइकच्या एकत्रित सॉकेटवर अवलंबून राहू नये. ते बोलण्याच्या माइकसाठी असते, बहुधा मोनो असते आणि कीबोर्डचा जोरकस संकेत त्यात सहज फाटतो. लाइन आउट नसल्यास हेडफोनच्या सॉकेटमधून ध्वनी घेता येतो, पण तेव्हा एक स्टिरिओ पिन आणि दोन मोनो पिना असलेलीच केबल लागते. हेडफोनची स्टिरिओ पिन साध्या स्टिरिओ केबलने एकाच बॅलन्स्ड (दोन तारांतील संकेतांचा फरक घेणाऱ्या) इनपुटमध्ये घातली, तर इंटरफेस डाव्या-उजव्या आवाजांतील फरक तेवढा घेतो आणि मध्यभागी असलेला मुख्य सूर जवळजवळ नाहीसा होतो. धोबी तलावाची वाद्यांची दुकाने किंवा लॅमिंग्टन रोडचा बाजार इथे ही केबल मागताना दोन्ही टोकांचे जॅक कोणते हवेत ते सांगावे. काही नव्या कीबोर्डच्या यूएसबीतून मिडीबरोबर ध्वनीही जातो आणि वेगळा इंटरफेस लागत नाही. ही सोय आहे की नाही ते माहितीपुस्तिकेत पाहावे.

मुंबईच्या जुन्या इमारतींत सर्वाधिक त्रास होतो तो गुणगुणीचा. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ही घरघर ५० आणि १०० हर्ट्झवर ऐकू येते. लॅपटॉप आणि स्पीकर वेगवेगळ्या बोर्डांवर असले की अर्थिंगचे वेटोळे, म्हणजे अर्थच्या दोन वाटा जोडल्या जाऊन झालेले चक्र, तयार होते; अनेक जुन्या खोल्यांत तर सॉकेटचे तिसरे छिद्र कशालाच जोडलेले नसते. सर्व उपकरणे एकाच बोर्डावर घ्यावीत आणि चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. घरघर थांबली तर दोष चार्जरच्या वाटेने येत आहे. मग ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (दोन उपकरणांमधली थेट विद्युतजोडणी तोडून फक्त ध्वनीचा संकेत पुढे देणारी डबी) कीबोर्ड आणि इंटरफेस यांच्या मध्ये घालणे हा पक्का उपाय ठरतो. अर्थची पिन मोडून टाकण्याची पद्धत जिवावर बेतू शकते आणि ती कधीही अवलंबू नये. मिडीच्या पाच पिनांच्या जोडणीत संकेत प्रकाशाच्या साहाय्याने पलीकडे पोहोचतो. म्हणून त्या केबलमुळे असे वेटोळे होत नाही.

पट्टी दाबल्यापासून संगणकातला आवाज कानी येईपर्यंतचा विलंब बफरवर, म्हणजे संगणक ध्वनीचे नमुने किती मोठ्या गटाने हाताळतो यावर, अवलंबून असतो. ४८,००० हर्ट्झवर (सेकंदाला ४८,००० नमुने) १२८ नमुन्यांचा बफर सुमारे २.७ मिलिसेकंदांचा होतो, १,०२४ चा २१ चा. दुसऱ्यात द्रुत लयीतली तान वाजवणे अवघड जाते. विंडोजवर एएसआयओ हा कमी विलंबाने ध्वनी पोहोचवणारा ड्रायव्हर वापरावा. मॅकमध्ये ही व्यवस्था मुळातच असते. संगणकातला वाद्यध्वनी वाजवायचा असेल तेव्हा कीबोर्डचे लोकल कंट्रोल (पट्ट्यांनी कीबोर्डचा स्वतःचा आवाज वाजवण्याची सोय) बंद ठेवावे, नाहीतर प्रत्येक सूर दोनदा ऐकू येतो.

ध्वनीची पातळी ठरवताना कीबोर्डचा आवाज बराच वर ठेवून इंटरफेसचा गेन (आत येणारा संकेत वाढवण्याचे प्रमाण) कमी ठेवावा आणि सर्वांत जोरकस भाग उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान येऊ द्यावा; या मापात शून्य ही कमाल मर्यादा असते. २४ बिटमध्ये सैद्धांतिक पल्ला १४४ डेसिबल असल्याने थोडे हळू नोंदवल्याने काही बिघडत नाही, पण शून्याच्या वर गेलेला सूर परत मिळत नाही. कीबोर्डमधला रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) शक्यतो बंद ठेवावा, कारण तो नंतर वाढवता येतो, काढता येत नाही. अशा स्टिरिओ वेव्ह फाइलला ४८,००० हर्ट्झवर मिनिटाला सुमारे १७ एमबी जागा लागते. पावसाळ्याच्या दमट हवेत जॅकवर गंज चढतो आणि हालचालीसरशी खरखर येते. केबल गुंडाळून सिलिकाच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवल्यास आणि वापरण्यापूर्वी पिना कोरड्या कापडाने पुसल्यास ती बरीच टळते.