रिपोर्ट एकच, आजार दोन: ग्रेव्ह्ज आणि थायरॉइडायटिस

थायरॉइडचा रिपोर्ट: टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन) जवळजवळ शून्यावर, टी-३ आणि टी-४ (थायरॉइडची स्वतःची हार्मोन्स) वाढलेले. छातीत धडधड, हाताला कंप, नीट जेवूनही वजन उतरतंय. असा रिपोर्ट आला की लगेच कार्बिमाझोल, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन बनणं रोखणारी गोळी, सुरू करण्याची घाई होते. माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा: थायरॉइड ग्रंथी हार्मोन जास्त बनवतेय, की साठवलेलं गळतंय?

ग्रेव्ह्जमध्ये ती खरोखरच जास्त बनवते. प्रतिकारशक्तीने तयार केलेली एक अँटिबॉडी थायरॉइडच्या पेशींवरच्या टीएसएच रिसेप्टरला (टीएसएच जिथे जोडलं जातं त्या जागेला) चिकटते आणि ग्रंथीला अखंड कामाला जुंपते. पिट्युटरी टीएसएच आवरतं घेते, पण उपयोग होत नाही, कारण हुकूम दुसरीकडूनच सुटत असतो. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. रक्तातल्या या उत्तेजक घटकाचा माग मात्र १९५६ मध्ये, न्यूझीलंडमधल्या अ‍ॅडम्स आणि पर्व्हस यांच्या प्रयोगांतून लागला.

थायरॉइडायटिसमध्ये ग्रंथीला सूज येते आणि पेशींची मोडतोड होते. कित्येक आठवडे पुरेल एवढं हार्मोन थायरॉइड साठवून ठेवते. तडा गेलेल्या टाकीतून पाणी वाहावं तसा तो साठा रक्तात उतरतो, नवं उत्पादन मात्र जवळपास थांबलेलं असतं. कार्बिमाझोल नवं हार्मोन बनणं रोखतं, आधीच बनलेल्याला हात लावत नाही. त्यामुळे इथे ते निरुपयोगी. धडधडीपुरती बीटा-ब्लॉकरची, म्हणजे हृदयाचे ठोके संथ करणारी, गोळी बहुतेकांना पुरते. दमा असेल तर तो आधी सांगायचा.

मग ओळखायचं कसं? डोळे पुढे आलेले असतील तर ग्रेव्ह्ज जवळजवळ नक्की. व्हायरल आजारानंतर गळा पुढून दुखतोय, कळ जबड्यात, कानात जातेय, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) चढलाय, तर सबअक्यूट थायरॉइडायटिस. बाळंतपणानंतरच्या वर्षात खरी कसोटी लागते. तेव्हाचा थायरॉइडायटिस दुखत नाही आणि ग्रेव्ह्जही त्याच काळात डोकं वर काढू शकतो. स्कॅनमध्ये ग्रेव्ह्जची ग्रंथी किरणोत्सारी द्रव्य भरभरून ओढून घेते, सुजलेली जवळपास घेतच नाही. पण बाळ अंगावर पीत असताना स्कॅन शक्यतो टाळतात. अशा वेळी टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडीची रक्ततपासणी फार मोलाची.

केस-नखांसाठी बायोटिनचा मोठा डोस चालू असेल तर तेही सांगा. काही मशिनांवर त्याने टीएसएच खोटा कमी, टी-४ खोटा जास्त आणि ही अँटिबॉडीसुद्धा खोटी पॉझिटिव्ह येते. धडधाकट माणूस कागदावर हुबेहूब ग्रेव्ह्जचा रुग्ण दिसतो!

पुढची वाटही निराळी. ग्रेव्ह्जची गोळी साधारण १२ ते १८ महिने चालते आणि त्या काळात ताप किंवा घसा दुखू लागला तर ती थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात, कारण क्वचित त्या धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. थायरॉइडायटिसमधला साठा काही आठवड्यांत आपोआप संपतो, मग टीएसएच उलटा वर जातो आणि बहुतेकांचा कालांतराने जागेवर येतो. चुकून कार्बिमाझोल दिलं असेल तर हा आपोआपचा उतार गोळीचा गुण वाटतो आणि ती चालूच राहते, नेमकी ग्रंथी मंदावलेली असताना.