आजीच्या आधी ऐकू येणारी आजी

आमच्याकडे आजीने म्हटलेल्या भुलाबाईच्या गाण्यांची एक कॅसेट आहे. ती लावली की आधी खरखर, मग अगदी पुसट असा आजीचाच आवाज, आणि दोनेक सेकंदांनी तीच ओळ खणखणीत सुरू होते. लहानपणी मला वाटायचं, आजी आधी मनातल्या मनात म्हणून पाहते.

खरं कारण फितीच्या वेढ्यांत आहे. फितीवर लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण असतात आणि आवाजाच्या चढउतारांनुसार ते चुंबकित होतात. गुंडाळून ठेवल्यावर एका वेढ्याचा ठसा शेजारच्या वेढ्यावर उमटतो. यालाच ‘प्रिंट-थ्रू’ म्हणतात. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते आणि एक वेढा साधारण ७ ते १५ सेंटिमीटरचा असतो. म्हणून आधीच्या वेढ्यावर उमटलेली ही पडछाया दीड ते तीन सेकंद आधी ऐकू येते. उष्णतेने हा ठसा वाढतो. आमच्या कॅसेटने तर महाल या वस्तीतल्या घरात, टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर, नागपूरचे कितीतरी मे महिने काढले.

शेवटी डिजिटल प्रत करून घ्यायला ती धरमपेठेतल्या एका स्टुडिओत नेली. काका नाराज होते. कॉम्प्युटर आवाजाचे तुकडे करतो, मधलं सगळं गळून जातं, असं त्यांचं म्हणणं. हा समज फार पसरलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची पातळी मोजतात. त्याच्या निम्म्याहून कमी कंपनसंख्येची लहर त्या मोजमापांतून अखंड परत मिळते, हे गणिताने सिद्ध आहे. माणसाचा कान सेकंदाला साधारण २०,००० कंपनांच्या पुढे ऐकतच नाही. प्रत्येक मोजमाप १६ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या १६ अंकांत लिहितात, आणि त्यात ६५,५३६ पातळ्या मावतात. मोजताना होणारी बारीक चूक फार तर हलकी सुरसुर होऊन उरते, कॅसेटच्या खरखरीपेक्षा कितीतरी कमी.

मग टेपवरचा आवाज जास्त गोड वाटतो म्हणतात, तो गोडवा भास आहे का? मुळीच नाही. आवाज मोठा झाला की कण आणखी चुंबकित होऊ शकत नाहीत, आणि लहरीची टोकं हळूहळू गोलावतात. त्यातून मुख्यतः मूळ स्वराच्या तिप्पट कंपनांचा स्वरांश जन्मतो. षड्ज गायला तर तो तार सप्तकातला पंचम! तानपुऱ्यात जे कानाला सुखावतं, त्याच्याच नात्यातलं हे. डिजिटलमध्ये मर्यादा ओलांडली की टोकं सपाट छाटली जातात आणि आवाज कर्कश फाटतो. म्हणजे टेपचा गोडवा ही मुळात विकृती, पण मला ती फार प्रिय आहे. आणि डिजिटल प्रतीत ती जशीच्या तशी उतरते, कारण ती आधीच आवाजात मिसळलेली असते.

रेकॉर्डिस्ट दादांनी हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा यंत्राचा भाग, स्पिरिटने पुसलं, स्क्रू फिरवून त्याचा कोन जुळवला आणि कॅसेट तीन वेळा पुढे-मागे गुंडाळली. एवढ्यानेही प्रिंट-थ्रू थोडा उतरतो. पडछाया फिकी झाली. उरलेली सॉफ्टवेअरने काढू का, असं त्यांनी विचारलं. मी राहू द्या म्हटलं.