गल्लीतलं कुत्रं घरात येतं तेव्हा

सोलापुरात कुत्र्यांशी नातं जुनं आहे, कुत्रं घरात घेणं मात्र नवीन. पूर्वी गल्लीतल्या कुत्र्याला चार दारांवर शिळी भाकरी मिळायची, त्याबदल्यात रात्री परक्या माणसावर ते भुंकायचं. या व्यवहारात उंबरा ओलांडायची वेळ येत नसे. गिरणीच्या चाळीत माणसांनाच पाय पसरायला जागा नव्हती, तिथं कुत्र्याला कोण आत घेणार? मान होता, तो देवाच्या दारी. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतं, वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात, आणि सोलापूरलगतच्या बाळे गावी खंडोबाच्या यात्रेच्या दिवसांत, चंपाषष्ठीला, नैवेद्यातला घास कुत्र्यालाही मिळतो.

कुत्रं घरात न घेण्याचं दुसरं कारण भीतीचं, आणि ती रास्त होती. कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, ही दहशत आज चाळिशीत असलेल्या प्रत्येकाला आठवते. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस डेव्हिड सेंपल यांनी 1911 मध्ये कसौलीत तयार केलेल्या पद्धतीची. देशात ती 2005 च्या सुमारास बंद झाली. आता दंडात मोजके डोस पुरतात. घराघरांतला कुत्र्यांविषयीचा सूर बदलण्यात या बदलाचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं, जरी त्याचं श्रेय कुणी देत नाही.

कायदाही हळूहळू वळला. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात भटकी कुत्री मारायला वाट मोकळी ठेवलेली होती. 2001 च्या नियमांनी दिशा बदलली: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, उचललं तिथंच सोडा. 2023 मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. जखमी कुत्री उचलून बरी करणारे प्राणिमित्र त्यांच्यासाठी घरंही शोधू लागले. 2020 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशी कुत्री पाळा म्हटल्यावर गावठी कुत्र्याला थोडी प्रतिष्ठाही आली.

पण ज्याला घरी आणतो ते कुत्रं कसं घडलंय? सोलापूरच्या दक्षिणेला मुधोळ. तिथल्या संस्थानिक घोरपड्यांनी जपलेली शिकारी जात आपल्याकडे कारवानी म्हणून ओळखली जाते. सांगोला-मंगळवेढ्याकडे मेंढरांमागे धनगरांची राखणदार कुत्री असतात. रस्त्यावरचं लांब पायांचं पिल्लू दिसलं की ‘यात कारवानीचं रक्त आहे’ असं छातीठोक सांगणारा एकतरी भेटतोच. रक्त असो वा नसो, रस्त्यावरची घडण खरी. पहाटे आणि संध्याकाळी हिंडायचं, वास घेत अन्न शोधायचं, आपली हद्द राखायची, दुपारी सावलीत पडून राहायचं. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये हेच अन्न वाटीत येतं आणि दोन मिनिटांत संपतं. उरलेला दिवस मग चपला, पायपुसणी आणि सोफ्याच्या कोपऱ्यावर निघतो.

‘आमचं घर धावपळीचं आहे, आम्हाला असंच कुत्रं हवं,’ असं म्हणणारी कुटुंबं हल्ली बरीच आहेत. पहाटे पार्क मैदानावर पळणारे आई-वडील, सायकलवरची मुलं. विचार वाईट नाही, पण अर्धाच आहे. रोज नुसतं पळवलं तर कुत्र्याचा दम वाढतो, ते शांत होत नाही. वास घेत रेंगाळत चालणं, खाणं शोधून खायला लावणं आणि दिवसा निवांत झोप, यांनी ते जास्त निवतं. आरडाओरडा करत पळणाऱ्या मुलांमागे लागणं ही तर त्याची उपजत खोडच, तेव्हा शिकवण मुलांनाही लागते. शिवाय सोलापूरचा मे महिना. पारा चाळीशीपार गेल्यावर डांबरी रस्त्यानं त्याचे तळवे भाजतात, म्हणून फिरणं उजाडताच उरकायचं, नाहीतर रात्री.

यात 2025 नं नवी अट घातली. 22 ऑगस्टच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं प्राणिमित्रांना पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरची कुत्री दत्तक घ्यायची मुभा दिली, पण घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. गोजिरवाणं पिल्लू सहा महिन्यांचं होतं तेव्हा त्याचं अडनिडं वय सुरू होतं आणि पुढं साधारण वर्षभर ते सगळ्यात जास्त धुमाकूळ घालतं. नेमकं त्याच काळात मुलांच्या परीक्षा येतात, घरमालक कुरकुरतो, आजी वैतागते. जुन्या व्यवहारात अशा वेळी दार लोटून घेतलं की भागायचं.