फोर्कवरचे कुलकुल आणि जखमी मेंदूचा नाताळ

आमच्याकडे वसईत डिसेंबरचा दुसरा आठवडा आला की घरोघरी कुलकुल वळायला बसतात. मैद्याची सुपारीएवढी गोळी घ्यायची, फोर्कच्या पाठीवर दाबायची आणि अंगठ्याने गुंडाळत आणायची, रेघारेघांचा छोटा शंख तयार होतो, मग तो तळायचा आणि पाकात घोळवायचा. माझा मोठा मुलगा हे काम माझ्यापेक्षा भरभर करतो. तो ३१ वर्षांचा आहे. नऊ वर्षांपूर्वी बाइकवरून पडला, १८ दिवस शुद्धीवर नव्हता, आणि आज सकाळी काय खाल्लं ते त्याला अकरा वाजता सांगता येत नाही. पण फोर्क हातात दिला की बोटं आपोआप चालू होतात आणि मला विचारतो, "आई, मी हे कधी शिकलो गं?" आजीकडून शिकला, सात वर्षांचा असताना.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आता रिटायर झालेय. मेंदूचा धडा किती वर्षं शिकवला, मोठा मेंदू लहान मेंदू लंबमज्जा, आकृती काढा नावं द्या. तो धडा घरातच आला तेव्हा कळलं की आपल्याला काहीच माहीत नव्हतं. मग वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले. दर नाताळला भेटायला येणारे लोक तेच विचारतात, आता बरा झाला ना, दिसतो तर चांगला, त्यांना उभ्याउभ्या सांगता येत नाही म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी कुलकुलचंच सांगते. आठवण ही मेंदूत एका कप्प्यात ठेवलेली वस्तू नाही. काल काय झालं, कोण आलं, काय बोललो, ही एक प्रकारची आठवण, आणि सायकल चालवणं, पोहणं, गोळी वळणं ही हातांची आठवण, तिचे रस्ते वेगळे. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचा माणूस होता, १९५३ मध्ये फिट थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नवीन आठवणी पक्क्या करणाऱ्या भागाचा, बराचसा भाग काढला आणि त्यानंतर त्याला नवीन काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या संशोधक बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तो दिवसेंदिवस सफाईने गिरवायला लागला, आणि दर वेळी म्हणायचा की मी हे आधी कधी केलेलंच नाही. ते वाचलं त्या दिवशी मी फोर्क धुऊन टेबलावर आणून ठेवला.

आता अपघातात नक्की काय होतं ते. मेंदू साधारण १.४ किलोचा आणि खरवसासारखा मऊ असतो, कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगतो. लोकांना वाटतं डोकं आपटलं म्हणजे आपटलं तिथे जखम. तसंही होतं, पण खरं नुकसान बऱ्याचदा डोकं गर्रकन फिरल्याने होतं. १९४३ मध्ये ऑक्सफर्डच्या होलबोर्न नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने जिलेटिनचा मेंदू बनवून हे दाखवलं होतं, सरळ धक्क्यापेक्षा फिरण्याचा झटका आतला मऊ पदार्थ जास्त पिळवटतो. डब्यातला खरवस डबा फिरवला की कडेला एकीकडे आणि मधे दुसरीकडे ओढला जातो ना तसं. मेंदूत लांबच लांब धागे असतात, ॲक्सॉन म्हणतात त्यांना, एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला नेणारे. हे धागे ताणले जातात, आणि सगळेच तेव्हाच्या तेव्हा तुटतात असं नाही, कितीतरी धागे आतून बिघडत जाऊन पुढच्या काही तासांत, दिवसांत तुटतात. म्हणून पहिल्या सीटी स्कॅनमध्ये आमच्या मुलाच्या डोक्यात फारसं काही दिसलंच नव्हतं आणि मी देवाचे आभार मानले होते, पण तो उठेना. ग्लासगो कोमा स्केल म्हणून एक मोजमाप आहे, १९७४ मध्ये टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी केलेलं. डोळे उघडतो का, बोलतो का, हात हलवतो का, यावर ३ ते १५ गुण, ८ किंवा कमी म्हणजे इजा गंभीर. आमच्या कागदावर ६ लिहिलं होतं.

म्हणजे मेंदू हे गाव मानलं तर घरं शाबूत आहेत पण मधले रस्ते ठिकठिकाणी खचलेत. चालतो, बोलतो, हसतो, चेहरा तोच, म्हणून बाहेरच्याला वाटतं बरा झाला.

हॉस्पिटलमधून आल्यानंतरचा पहिला नाताळ आम्ही नेहमीसारखाच केला, उलट जास्तच जोरात केला कारण मुलगा परत आला होता ना. घरात २२ माणसं, किचनमध्ये विंदालूचं पातेलं, बाहेर गोठ्यावर, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यावर, लुकलुकणारे दिवे, हॉलमध्ये स्पीकर, पोरांचे फुगे फुटतायत आणि प्रत्येक जण त्याच्या गालाला हात लावून विचारतोय, मला ओळखलंस का, सांग बघू मी कोण. पाऊण तासात त्याने हातातली प्लेट भिंतीवर फेकली आणि माझ्या दिराला अशी शिवी दिली जी आमच्या घरात कधी कोणी ऐकली नव्हती. सगळं घर गप्प. कोणीतरी हळूच म्हणालं, फार लाडावलंय त्याला, मुद्दाम करतो. ते वाक्य मला अजून टोचतं.

मुद्दाम नाही. १९५३ मध्येच कॉलिन चेरी नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला, माणसांच्या एका कानात एक बोलणं आणि दुसऱ्यात दुसरं लावलं आणि एकच ऐकून मोठ्याने म्हणायला सांगितलं. लोकांना ते जमलं, पण दुसऱ्या कानात काय चाललंय, मधेच इंग्रजी सोडून जर्मन सुरू झालं तरी बहुतेकांना कळलं नाही. आपला मेंदू इतका जबरदस्त चाळणी लावतो. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना आपण शेजारच्या मावशीशी गप्पा मारतो ते या चाळणीच्या जिवावर. ती चाळणी म्हणजे एक जागा नाही, पुढचा मेंदू आणि बाकीच्या भागांमधली ये-जा असते, आणि रस्ते खचले की चाळणीच फाटते. त्याला पातेल्याचा आवाज, स्पीकर, फुगा, काकाचा प्रश्न सगळं एकाच जोराने आत येतं. आणि अशा मेंदूला तेच काम करायला जास्त भाग कामाला लावावे लागतात, त्यामुळे थकवा येतो तो साधा थकवा नसतो, मोबाइलची बॅटरी ४० टक्क्यांवरून थेट बंद पडते तसा असतो, मधे काही नाही.

शिवीचं कारण अजून वेगळं. कवटीचा तळ, डोळ्यांच्या वरचा भाग, आतून खडबडीत असतो आणि मेंदूचा पुढचा भाग नेमका त्यावर घासतो, म्हणून डोक्याच्या अपघातात हा भाग फार सापडतो. हाच भाग आपल्याला थांबवतो. राग सगळ्यांनाच येतो, मनात शब्दही सगळ्यांच्या येतात, ब्रेक तिथे असतो. ब्रेक निकामी झालेल्या गाडीला कोणी लाडावलेली गाडी म्हणत नाही. फिटच्या काही गोळ्यांनीसुद्धा चिडचिड वाढते, लेव्हेटिरासिटॅम ही त्यातली नेहमी दिली जाणारी, आम्हाला हे दोन वर्षांनी कळलं. तुमच्याकडे असं असेल तर डॉक्टरांना विचारा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका, एकदम बंद केली तर फिट येऊ शकते.

आणि वास. हे कोणी सांगितलंच नव्हतं. नाकातल्या वासाच्या नसांचे बारीक तंतू हाडाच्या एका जाळीतून वर मेंदूकडे जातात, झटक्याने मेंदू सरकला की ते तिथेच कापले जातात. दुसऱ्या नाताळला मी त्याच्या आवडीचे नेवऱ्या (आमच्या करंज्या), फ्रूट केक समोर ठेवले तर खाऊन म्हणाला, "गोड आहे." केक कसा आहे रे? "गोड आहे." मला वाटलं आता याला आवडच उरली नाही. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू कळतं, पण वेलची, जायफळ, रममध्ये भिजलेला मनुका हे सगळं नाकाचं काम. आता त्याच्यासाठी नेवरीत भाजलेले तीळ आणि काजूचे मोठे तुकडे घालते, दाताखाली कुरकुर लागलं की त्याला मजा येते. गॅसचा वासही त्याला येत नाही, म्हणून किचनमध्ये गॅस लीक झाला तर वाजणारा अलार्म बसवलाय, हे प्लीज लक्षात ठेवा.

सगळ्यात कठीण जातं ते माझ्या सासऱ्यांचं. ते अपघातानंतर दोन वर्षांनी वारले. मुलगा अंत्यविधीला होता, रडला, पण ती आठवण टिकली नाही आणि दर नाताळला गोठा काढला की विचारतो, आजोबा कुठेत. आधी आम्ही दर वेळी खरं सांगायचो आणि त्याच्यासाठी ते दर वेळी पहिल्यांदाच असायचं. आता मी म्हणते, "आजोबांनी हा गोठा बनवला होता, आठवतं? बांबू कुठून आणला होता?" मग तो सांगतो, अगदी बारीकसारीक, कारण जुन्या आठवणी पक्क्या असतात, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवलंय, नवीन आधी जातं, जुनं टिकतं. त्याने परत सरळ विचारलं तर मी खोटं बोलत नाही. पण बहुतेक वेळा तो बांबूतच रमतो.

आणि आमचं स्वतःचं. पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांबरोबर काम केलं, त्यातून त्यांनी एक कल्पना मांडली, अस्पष्ट हानी म्हणू आपण मराठीत. माणूस गेलाही नाही आणि आहेही नाही. शरीराने नाही पण मनात आहे हा एक प्रकार, आणि शरीराने समोर बसलाय पण तो पूर्वीचा तो नाही हा दुसरा. याला ना मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, असते ना महिन्याचा विधी, कोणी सांत्वनाला येत नाही. मला माझ्या दुःखाचं नाव वयाच्या ५९ व्या वर्षी मिळालं आणि मी त्या रात्री ह्यांना उठवून वाचून दाखवलं. ग्लासगोमध्येच १९८६ साली एक अभ्यास छापून आला होता, गंभीर इजा झालेल्यांच्या घरच्यांवरचा ताण पहिल्या वर्षापेक्षा पाचव्या वर्षी जास्त होता. लोक पहिल्या वर्षी डबे घेऊन येतात. पाचव्या वर्षी यायला हवं.

मग आम्ही काय बदललं? नाताळ लहान नाही केला, वाटून घेतला. ही गोष्ट आमच्या फादरांनी बोलता बोलता सुचवली, चर्चच्या कॅलेंडरात नाताळ हा एक दिवस नाहीच, २५ डिसेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीला येणाऱ्या तीन राजांच्या सणाच्या पुढेपर्यंत नाताळकाळच असतो, आणि आधी आगमन काळाचे चार रविवार. मग २२ माणसांनी एकाच दुपारी का यायचं? आता नणंद तिच्या माणसांना घेऊन २७ ला येते, दीर ३० ला, एका वेळी चार-पाच जण, सकाळी दहा ते साडेअकरा, कारण दुपारनंतर त्याचं डोकं चालत नाही. आल्यावर प्रत्येकाने आपलं नाव आणि नातं सांगायचं, ओळखलंस का असं विचारायचं नाही, हा घराचा नियम आहे आणि आता पोरंसुद्धा पाळतात, "दादा, मी तुझ्या आत्येचा मधला." गोठ्याचे दिवे लुकलुकत नाहीत, एकसारखे जळतात. फिट येईल या भीतीने नाही, लुकलुक दिव्याने फिट येणारे फिटच्या शंभर पेशंटमध्ये तीनच्या आसपास असतात, त्याला फक्त दमायला होतं. झोप मोडली किंवा दारू पोटात गेली तर मात्र फिटचा धोका खरंच वाढतो, त्यामुळे रात्रीची मिस्सा बंद, २५ च्या सकाळची, मागच्या बाकावर, दरवाजाजवळ. गेल्या वर्षी कोणीतरी प्रेमाने त्याच्या हातात वाईनचा ग्लास दिला. ह्यांनी तो काढून घेतला तेव्हा वाईट दिसलं, दिसू दे.

किचनमध्ये पांढरा बोर्ड आहे, त्यावर तारीख, वार, आज कोण येणार, किती वाजता जाणार. जाणार हे फार महत्त्वाचं. फिनिअस गेजची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल, १८४८ मध्ये अमेरिकेत रेल्वेच्या कामावर लोखंडी पहार त्याच्या डोक्यातून आरपार गेली आणि स्वभाव बदलला, गोष्ट तिथेच संपवतात. पण तो पुढे चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं घोडागाडी चालवली, आणि काही अभ्यासकांचं म्हणणं आहे की रोज तीच वेळ, तेच घोडे, तोच रस्ता, या ठरलेल्या क्रमानेच तो सावरला असावा. पहार सगळे सांगतात, मला चिलीचं जास्त महत्त्वाचं वाटतं. सणाने नेमका हा क्रमच मोडतो, म्हणून बोर्ड.

एक सरकारी गोष्टही बोलायला हवी. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात अपघाताने झालेली मेंदूची इजा स्वतःच्या नावाने नाही, तिच्यामुळे जे उरतं, चालणं बोलणं वगैरे, त्याच्या नावाने सर्टिफिकेट मागावं लागतं. आणि मूल १८ च्या पुढचं असलं की आईबाप कागदावर आपोआप पालक नसतात, त्याच्या वतीने सही करायला कोर्टाची नाहीतर सक्षम अधिकाऱ्याची पायरी चढावी लागते. आमची वयं ६४ आणि ६८. धाकटी मालाडला असते, म्हणते मी आहे ना. ती आहे, पण तिच्यावर सगळं टाकायचं नाही हे आम्ही दोघांनी ठरवलंय, आणि मग काय करायचं यावर रोज रात्री बोलतो.

तीन राजांचा सण झाला की आम्ही गोठा आवरतो. तो बोर्ड वाचतो, "आज गोठा आवरायचा", आणि जुने पेपर घेऊन जमिनीवर बसतो. आधी मेंढ्या, मग मेंढपाळ, मग गाय, प्रत्येक मूर्ती दोनदा गुंडाळायची, मान असलेली बाजू वर. आजोबा असंच करायचे. तीन उंटांपैकी एकाचा पाय मोडलेला आहे, तो कुठल्या डब्यात कसा आडवा ठेवला की हलत नाही ते घरात बाकी कोणालाच माहीत नाही. या वर्षी धाकटीने चुकून दुसऱ्या डब्यात ठेवला तर त्याने काही न बोलता काढला आणि बरोबर ठेवला.