वाशिष्ठी नदी

वाशिष्ठी ही रत्नागिरी जिल्ह्यातली छोटी नदी. सह्याद्रीत तिवऱ्याच्या बाजूला उगम, मग चिपळूण आणि पुढे दाभोळ-अंजनवेलच्या मधून अरबी समुद्र, सगळी लांबी शंभर किलोमीटर पण नाही. शहरात शिव नदी मिळते, खाडीत खेडकडून येणारी जगबुडी.

कोकणातल्या बऱ्याच नद्या एप्रिलपर्यंत वरच्या अंगाला आटतात, नुसते गोटे आणि डोह उरतात, पण वाशिष्ठी भर मे महिन्यातही वाहते आणि ते कोयनेमुळे. कोयना खरं तर घाटावरची, तिचं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं, पण धरणातलं बरंच पाणी बोगद्यांतून पोफळीला आणतात, तिथे वीज करतात, मग ते कोळकेवाडी धरणात साठवून परत वीज करतात आणि शेवटी वाशिष्ठीत सोडतात.

चिपळूणजवळच्या गोवळकोटपासून खाली भरती-ओहोटीचं राज्य. आणि इथेच मगरी! थंडीत ओहोटीला चिखलाचे काठ उघडे पडले की मगरी ऊन खायला वर येतात, अंग तापलं की जबडा उघडा टाकून तशाच पडून राहतात, लांबून बघितलं तर ओंडकाच वाटतो, भरतीचं पाणी चढलं की गपकन आत. त्यामुळे बघायला जायचं तर आधी भरतीची वेळ विचारून घ्या, बोटवाल्यांना ती तोंडपाठ असते. मादी उन्हाळ्यात काठावर खड्डा करून अंडी घालते, पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. ही मगर मूळची गोड्या पाण्यातली, खाडीत इतकी टिकलीय त्याला वरून बारमाही येणाऱ्या पाण्याचा हातभार असणार असं मला वाटतं.

काठाला कांदळवन आहे, चिखलात खेकडे, वर घारी, बगळे, खंड्या, आणि नशीब असेल तर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुडही दिसतो. मासळी मात्र पहिल्यासारखी राहिली नाही, लोटे-परशुराम एमआयडीसीच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार किती वर्षं ओरडतायत.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची अख्खी बाजारपेठ पाण्याखाली गेली, त्यानंतर पात्रातला गाळ काढायची मागणी जोरात झाली आणि कामही झालं. ते गरजेचंच होतं, फक्त मगरी अंडी घालतात ते काठ तेवढे पोकलेनपासून वाचवायला हवेत.