ग्रुप छोटा की सहल सावकाश? आईबाबांना युरोपला पाठवण्याआधी

मार्चमध्ये मावशीचा फोन आला. "अरे, युरोपचं बुकिंग केलं एकदाचं. ज्येष्ठ नागरिक स्पेशल आहे. म्हणजे ग्रुप छोटाच असणार, धावपळ नाही." मी तिला सहलीच्या कार्यक्रमाचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगितला. ग्रुप ४२ जणांचा होता.

त्याच आठवड्यात ऑफिसातला एकजण आईवडिलांना 'स्मॉल ग्रुप'ने पाठवत असल्याचं सांगत होता. सोळाच माणसं आहेत, त्यामुळे सगळं आरामात होईल, असा त्याचा हिशोब. त्याच्या कागदावर बारा रात्रींत आठ हॉटेलं होती.

दोघंही शहाणी माणसं, पण दोघांनी एका शब्दाचे पैसे भरले आणि अर्थ दुसऱ्याचा घेतला. छोटा ग्रुप म्हटलं की विषय डोक्यांच्या संख्येचा असतो. ज्येष्ठांची सहल म्हटलं की तो वेळापत्रकाचा असतो, निदान असायला हवा. दोन्ही गोष्टी एकाच सहलीत सापडू शकतात, पण एक घेतली की दुसरी आपोआप येत नाही. शिवाय या शब्दांना कुणी ठरवून दिलेलं माप नाही. एका कंपनीचा छोटा ग्रुप १२ चा असतो, दुसरीचा २५ चा. ज्येष्ठ कुठे ५५ पासून सुरू होतात, कुठे ६० पासून.

आधी संख्या कमी झाल्याने खरंच काय सुधारतं ते बघू. सगळ्यात मोठा फरक पडतो तो टॉयलेटच्या रांगेत. हसू नका. हायवेवर बस थांबली, ४२ जण उतरले, त्यांत २२ बायका आहेत आणि आत तीन दारं आहेत. एकेकीला तीन मिनिटं धरली तरी शेवटचीचा नंबर लागेपर्यंत वीस मिनिटं गेली. वर जर्मनीत हायवेवर बऱ्याच ठिकाणी पैसे भरल्याशिवाय टॉयलेटचं फाटक उघडत नाही, त्यामुळे सुट्ट्यांसाठी पर्स उचकटणं आलंच. 'पंधरा मिनिटांचा हॉल्ट' पस्तीस-चाळीस मिनिटांचा होतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या माणसाला हा फरक चांगलाच कळतो. तो मग बसमध्ये पाणीच प्यायचं टाळतो, आणि त्यातून वेगळी दुखणी सुरू होतात. सोळा जणांत हा प्रश्न निम्म्याहून कमी होतो. हॉटेलात चेक-इन, नाश्त्याची रांग, तिकीट तपासणी, सगळीकडे हेच.

ऐकू कमी येणाऱ्यांनाही छोटा ग्रुप मानवतो. चाळीस जणांच्या घोळक्यात मागे राहिलेल्या काकांपर्यंत गाइडचं अर्धंच वाक्य पोचतं. मोठ्या ग्रुपमध्ये गाइडचा आवाज थेट कानात ऐकवणारं यंत्र देतात का, हे विचारून ठेवा.

गाडीचं मात्र थोडं वेगळं आहे. छोटी गाडी दारापर्यंत जाते असा आपला समज असतो, कारण आपल्याकडे टेम्पो ट्रॅव्हलर कुठेही घुसते. इटलीत ड्रायव्हर धरून नऊपेक्षा जास्त आसनं असली की गाडी बसच धरतात. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात बाहेरच्या वाहनांना मनाई आहे. सहलीच्या बस लांब सोडतात आणि पुढे पंधरा-वीस मिनिटं दगडी फरशीवरून चालायचं. ४२ जणांची बस असो की १६ जणांची, चालणं तेवढंच. परवाना असलेली आठ प्रवाशांची गाडी मात्र बरीच आत जाऊ शकते. व्हेनिसमध्ये तर सगळे सारखेच. बस शहराच्या कडेला ट्रॉन्केतोला सोडते, तिथून बोट, आणि बोटीतून उतरल्यावर सॅन मार्कोच्या चौकाकडे जाताना पायऱ्यांचे पूल. ज्याचे गुडघे पायऱ्यांवर कुरकुरतात त्याने नकाशावर हे पूल आधी मोजावेत.

नऊचा हा आकडा आणखी एका ठिकाणी येतो. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवल्यावर एकूण ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाचं ड्रायव्हिंग एरवी नऊ तासांच्या वर नेता येत नाही. आठवड्यातून दोनदा दहा तासांची मुभा आहे. हा नियम ड्रायव्हरसकट नऊपेक्षा जास्त आसनांच्या गाड्यांना लागतो. म्हणजे सोळा जणांची मिनीबस आणि मोठी बस यांचा दिवस सारखाच बांधलेला असतो. पॅरिस ते स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न रस्त्याने साधारण ६०० किलोमीटर. फ्रान्समध्ये बसला हायवेवर ताशी १०० ची मर्यादा. ड्रायव्हरची विश्रांती, जेवण आणि वर सांगितलेली रांग धरली की दिवसाचे नऊ-दहा तास गेलेच. यात माणसं किती आहेत याने फार तर तासाचा फरक पडतो.

तो दिवस हलका होतो तो वेळापत्रक वेगळं असेल तरच. एक तर वाटेत कोल्मारसारख्या गावात मुक्काम करायचा, नाहीतर ट्रेन घ्यायची. पॅरिसहून स्विस सीमेवरच्या बासेलला ट्रेन तीन तासांत पोचते. ट्रेनचा हा मार्ग छोट्या ग्रुपवाल्यांना जास्त आवडतो आणि इथेच माझ्या सहकाऱ्याचे आईवडील अडकले असते. पॅरिसच्या स्टेशनवर प्लॅटफॉर्मचा नंबर गाडी सुटण्याच्या थोडाच वेळ आधी फलकावर येतो. मग आपली बावीस किलोची बॅग ओढत अख्खी गाडी चालायची, डबा शोधायचा, बॅग वर चढवायची आणि रॅकमध्ये कोंबायची. टूर मॅनेजर एक, बॅगा बत्तीस. पंचाहत्तरीचे बाबा मदतीला 'नको' म्हणणारच आणि मग रात्री बाम शोधणार.

माझी तक्रार छोट्या ग्रुपबद्दल नाही. बरेच छोटे ग्रुप भरपूर चालणाऱ्या, मेट्रोने फिरणाऱ्या, गल्लीबोळ बघू इच्छिणाऱ्या लोकांसाठी बांधलेले असतात, एवढंच. माणसं कमी म्हणून वाट बघणं कमी, म्हणून दिवसात आणखी एक ठिकाण बसतं. वाचलेला वेळ विश्रांतीला न जाता कार्यक्रमात जातो. रोज सकाळी पर्वती चढणाऱ्या बासष्टीच्या जोडप्याला हे उत्तम. त्यांना ज्येष्ठांच्या सहलीत घातलं तर तिसऱ्या दिवशी ते कंटाळून सगळ्यांच्या पुढे चालायला लागतील.

आता ज्येष्ठांची सहल. नाव सोडा, कागद बघा. मी आधी हॉटेलं मोजतो. एकूण रात्रींना हॉटेलांच्या संख्येने भागायचं. उत्तर दोनच्या खाली आलं, तर नाव काहीही असो, आईबाबा रोज सकाळी बॅग भरणार. पहाटे साडेसहाला बॅगा दाराबाहेर, सात वाजता नाश्ता, आठला बस, असं लागोपाठ चार दिवस झालं की पाचव्या दिवशी आल्प्सकडे बघायला डोळे उघडे राहत नाहीत. अडीच-तीन आलं तर ठीक.

मग पहिला दिवस. मुंबईहून रात्री निघून सकाळी पॅरिसला उतरवलं आणि थेट विमानतळावरून शहर दाखवायला नेलं, तर कुणीतरी तरुण डोक्याने हा कार्यक्रम आखलाय. उन्हाळ्यात घड्याळ साडेतीन तास मागे जातं. आपल्या हिशोबाने ही माणसं रात्रभर जागीच असतात. खऱ्या ज्येष्ठांच्या सहलीत त्या दिवशी खोली, आंघोळ, वरणभात आणि फार तर संध्याकाळची बोट असते.

'फोटो स्टॉप' आणि 'आत प्रवेश' हे शब्दही वेगळे वाचा. सावकाश सहल म्हणवणाऱ्या कागदावर एका दिवसात पाच फोटो स्टॉप असतील, तर बसमधून पाच वेळा उतरणं आणि पाच वेळा चढणं आहे. गुडघ्यांच्या दृष्टीने एका संग्रहालयात दोन तास काढणं त्यापेक्षा स्वस्त.

उंचीला मात्र दोन्ही लेबलं लागू होत नाहीत. स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ लेह शहराएवढ्या उंचीवर. लेहला गेलो की आपण एक-दोन दिवस अंथरुणावर पडून राहतो. इथे खालच्या ग्रिंडेलवाल्ड गावाहून नवी केबल कार, जी डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाली, आणि पुढची ट्रेन मिळून तासाभरात सुमारे २,५०० मीटर वर नेऊन सोडते. बहुतेकांना किरकोळ डोकेदुखीपलीकडे काही होत नाही. पण हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर डॉक्टरांना नाव आणि उंची सांगून विचारा, 'स्वित्झर्लंडला जातोय' एवढंच सांगून नव्हे. ज्येष्ठांसाठी मनापासून आखलेल्या सहलीत न जाणाऱ्यांसाठी त्या दिवशी दुसरी सोय असते. ल्युसर्नजवळचा रिगी डोंगर १,७९८ मीटरचा आहे. तिथे १८७१ पासून दातेरी रुळांची रेल्वे आहे, आणि वरून सरोवरं दिसतात ती काही कमी देखणी नाहीत.

सोबतीचा मुद्दा कागदावर दिसत नाही. ४२ जणांत आपल्या वयाचं, आपल्यासारखं हळू चालणारं कुणीतरी सापडतंच. मागे राहिल्याची लाज वाटत नाही, कारण मागे आणखी सहाजण असतात. १४ जणांत बाकीचे बारा पन्नाशीचे निघाले तर आईबाबा रोज शेवटी पोचणार आणि रोज 'सॉरी' म्हणणार. आणि चौदांत एक कटकट्या निघाला तर बारा दिवस तोच शेजारी. एकट्याने जाणाऱ्यांचा आणखी एक पेच असतो: खोली कुणाबरोबर? ज्येष्ठांच्या सहलीत एकटे बरेच असतात, त्यामुळे जोडीदार मिळण्याची शक्यता जास्त. छोट्या ग्रुपमध्ये बहुधा एकट्याच्या खोलीचे जादा पैसे भरावे लागतात. घोरणाऱ्यांनी ते मुकाट्याने भरावेत, असं माझं प्रामाणिक मत आहे.

एक प्रश्न दोन्हीकडे विचारा आणि उत्तर लिहून घ्या: कुणी आजारी पडलं तर हॉस्पिटलमध्ये सोबत कोण जाणार आणि उरलेला ग्रुप कोण पुढे नेणार? मॅनेजर एकच असेल तर समोरचा माणूस थोडा थांबून बोलतो. तो थांबला की समजून घ्या. विमा तर लागतोच. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण सक्तीचं आहे. पण आधीपासूनच्या आजाराचं काय, हे कलम स्वतः वाचा. विमानतळावरची व्हीलचेअर ही विमानतळापुरती असते, हेही बऱ्याच जणांना तिथे पोचल्यावर कळतं.

सहकाऱ्याने आपलं बुकिंग बदललं. सोळाचाच ग्रुप घेतला, पण बारा रात्री आणि पाच हॉटेलं असलेला. थोडे पैसे गेले. मावशीचा कागद मी पुन्हा नीट वाचला, तर ४२ जणांच्या त्या सहलीत अकरा रात्रींना चारच हॉटेलं होती, मॅनेजर दोन होते आणि रिगीचा पर्यायही होता. तिला म्हटलं, जा, फक्त टॉयलेटसाठी बसमधून आधी उतरत जा आणि युरोची नाणी वेगळ्या बटव्यात ठेव.

व्हेनिसहून तिचा फोन आला तेव्हा मागे व्हायोलिन वाजत होतं. बाकीचे काचेचा कारखाना बघायला गेले होते आणि ती आणि साताऱ्याच्या एक बाई चौकातल्या कॅफेत खुर्च्या धरून बसल्या होत्या. "अरे, इथे कॉफीचे वेगळे पैसे आणि वाजवणाऱ्यांचे वेगळे," ती म्हणाली. "मी म्हटलं, घ्या बाबा. आता दीड तास उठणार नाही."